नैवेद्याचं मीठ

मीठ मुठीत घेऊन वैशाली टोपाशी उभी राहिली आणि तिचा हात तिथेच अडला.

टोपात अख्ख्या गावाचं बिरडं रटरटत होतं. सोललेले वाल, ओलं खोबरं, गूळ, आमसूल, सगळं पडलं होतं. राहिलं होतं फक्त मीठ. घरी ती चिमूट चिमूट घालायची आणि दर खेपेला तळहातावर थेंब घेऊन चाखायची. आज माघी गणपतीचा नैवेद्य होता. देवाला दाखवायच्या आधी चाखायचं नाही, वाससुद्धा घ्यायचा नाही.

"जरा जिभेला लाव गो," शेजारची मालू कुजबुजली. "देव काय टोपात बघतोय?"

"देव बघत नसला तरी मी बघतोय," देवळाच्या पायरीवरून महिपतीतात्या म्हणाले. पूजा, पंगत, पाणी, सगळं त्यांच्याच नजरेखाली चाले. त्यांना ऐकू कमी येतं असं गाव म्हणे, पण असलं काही त्यांना नेमकं ऐकू येई.

मालूने पदर तोंडाला लावला. वैशालीने मूठ उघडली, पुन्हा मिटली. घामाने मीठ ओलं झालं होतं.

मांडवाच्या टोकाला तिची सासू बायजाबाई केळीची पानं पुसत बसली होती. दरवर्षी हा टोप तिचा असे. पावसाळ्यात तिला ताप आला आणि तो उतरला तेव्हा वास आणि चव दोन्ही गेली होती. हिंगाची डबी नाकाशी धरली तरी रिकाम्या डबीसारखी. घरी तिने आमटी केली, चाखली, काही लागेना म्हणून मीठ घातलं, पुन्हा चाखली, पुन्हा घातलं. तिचा मुलगा निलेश कंपनीतून शिफ्ट संपवून आला, जेवायला बसला आणि पहिल्याच घासाला त्याने ताट सरकवलं. त्या दिवसापासून तिने घरच्या चुलीकडे पाठ केली. काल तात्यांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं, "आता टोप सुनेकडं. बायजेनं पानं पुसावीत."

"आई," वैशालीने हाक मारली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "किती घालू ओ?"

बायजाबाईने हातातलं पान पुसून पूर्ण केलं, फडकं खांद्यावर टाकलं आणि ती टोपाशी आली.

"मूठ दाखव."

वैशालीने दाखवली. पिशवीतलं बारीक मीठ.

"हे नको. माझ्या हाताला याचा अंदाज नाय. मिठागरवाल्या मोरूनं खडे मीठ दिलंय ना, ती गोणी ओढ इकडं."

तात्या पायरी उतरले. "बायजे, तुला चव नाय. गाव जेवायचंय."

"व्हय, नाय मला चव." तिने पदर खोचला. "पण तात्या, आज चव कोणाला हाय? तुमाला हाय? या मालूला हाय?"

"मला होती," मालू म्हणाली. "मघाशी तात्यांनी घालवली."

बायका हसल्या. तात्या हसले नाहीत, पण पुढेही आले नाहीत.

बायजाबाईने गोणीत हात घातले. खडे बोटांतून करकरले. एक ओंजळ टोपात गेली, मागोमाग दुसरी, तिसरी. ती मोजत नव्हती. शेवटची ओंजळ तिने जराशी तोलली, थोडे खडे गोणीत परत सोडले आणि उरलेले टोपात टाकले. मग पळा तळापर्यंत नेऊन ढवळलं. पळा वर आला आणि जुन्या सवयीने तिचं बोट रश्शाकडे गेलं.

वैशाली एक पाऊल पुढे आली.

बोट मध्येच थांबलं. बायजाबाईने त्या बोटाकडे पाहिलं. तापानंतर घरी तिला यानेच फसवलं होतं. आणि देवळातल्या टोपाला ते कधी लागलंच नव्हतं, एकाही वर्षी नाही. ती हसली. सून लग्न होऊन आल्यापासून ओळखत होती ते, मोठं, सगळे दात दाखवणारं हसू.

"झालं," ती म्हणाली. "जाळ ओढ."

पानावर तुळस ठेवून नैवेद्य दाखवला गेला. घंटा वाजली. पंगत बसली. वाढपी बिरड्याच्या बादल्या घेऊन गेले आणि बायका मांडवाच्या कनातीआड थांबल्या. पंगतीत गलका होता. हायवेचं काम, कोणाच्या मुलीचं जमलेलं लग्न, कंपनीतली भरती.

मालू फटीला डोळा लावून बसली. "तात्यांनी घास घेतला," ती सांगू लागली. "चावतायत."

"मग?" वैशालीने विचारलं.

"अजून चावतायत."

"पाणी मागितलं?"

"नाय गो. थांब जरा."

बाहेरचा गलका हळूहळू उतरला. आधी जवळची ओळ गप्प झाली, मग पलीकडची. लग्नाचं राहिलं, हायवेचं राहिलं.

बायजाबाई टोपाशेजारी मांडी घालून डोळे मिटून बसली होती. मालूने तिच्यापुढे पान मांडलं, त्यावर भात आणि भातावर बिरडं वाढलं.

"घे गो, चार घास पोटात तरी जाऊ दे. सगळं गाव जेवतंय आणि तू केलेलं तूच नाय चाखलंस."

"चाखतेय की," बायजाबाई डोळे न उघडता म्हणाली. "गप बस. ऐक."

कनातीपलीकडे कुणी बोलत नव्हतं. नुसते भुरके चालले होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्या भुरक्यांवरून महिपतीतात्यांचा खणखणीत आवाज आला.

"बायजे, बिरडं! बादली नको, टोपच आण!"