वाफा भरला

"पायवाटेवर लावू नका, ताई. आणि दोरी तर मुळीच बांधू नका," रोपं पिशवीत भरता भरता नर्सरीवाल्या बाई म्हणाल्या होत्या. "माणूस रोज जिथून जातं तिथूनच जाणार. त्याच्या पायापुरती जागा सोडा, बाकी सगळं तुमचं."

तिने हसून मान डोलावली होती, आणि घरी येऊन पायवाटेसकट अख्ख्या वाफ्यात रोपं लावली होती. बाई रोपं विकतात, माणसांचं त्यांना काय कळतं?

आज ती वाफ्यापाशी उकिडवी बसली होती आणि तिला काही उमगत नव्हतं.

वाफा भरला होता.

घरामागची ही जागा भिंत आणि झाडाच्या बेचक्यातली. ऊन इथे कधी फिरकायचं नाही. गवत लावलं, ते मेलं. फुलझाडं लावली, ती रुसून बसली. शेवटी आणली ती ही इथल्याच रानातली वेल. सावलीत वाढणारी, जमीन धरून पसरणारी, बाराही महिने हिरवी. दोन्हीकडून ती छान पसरली, पण मधला वीतभर पट्टा टकलासारखा उघडाच राहायचा. मागच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या काकू फाटकाकडे जायच्या त्या तिथूनच.

"काकू, जरा फरशीवरून जा ना," तिने दोनदा सांगून पाहिलं होतं.

"फरशीवरून गेलं तर बावीस पावलं जास्त पडतात गं. मी ऐकीन तुझं, पण गुडघ्याला कोण समजावणार?"

तिसऱ्यांदा तिने सांगितलं नाही. चार खुंट्या ठोकल्या आणि घोट्याएवढ्या उंचीवर सुतळी ताणली. दिसावी म्हणून तिला लाल चिंधीही बांधली.

आता पट्टा कुठे होता ते शोधावं लागत होतं. दोन्हीकडचे धुमारे मध्ये येऊन एकमेकांत गुंतले होते. तिने फोटो काढून नर्सरीत पाठवला. बाळ दारात खुर्चीत बसून स्वतःच्या पायाचा अंगठा चघळत होतं. दोन मिनिटांत फोन वाजला.

"झकास भरलंय हो! किती दिवस लागले?"

"वीसेक. पाणी तेवढंच, खतही तेवढंच. मी वेगळं काय केलं, माझं मलाच कळत नाहीये."

"आणि तुमच्या त्या गुडघेवाल्या काकू? त्या आता कुठून जातात?"

"फरशीवरून," ती म्हणाली. मग थांबली. "जात असतील."



फरशी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जाते. बाळाला खांद्यावर टाकून ती तासन्‌तास त्याच खिडकीशी उभी असते. तिथून जाताना काकू दिसल्या होत्या का? दिसल्या असतील. बाळाला दात येत होते, तीन आठवड्यांचा मिळून एकच लांबलचक दिवस झाला होता, त्यात कोण आलं नि कोण गेलं कुणाला ठाऊक. काकूंचा रेडिओ कालपर्यंत वाजत होता. की परवापर्यंत? आत्ताही काहीतरी वाजत होतं, पण ते काकूंकडे की पलीकडच्या घरात, तेही सांगता येईना. फोन काकूंनी कधी ठेवलाच नाही. "कशाला हवा? मी काय पळून जाणार आहे?"

मग तिला ती सकाळ आठवली. एक खुंटी उपटून पडली होती, सुतळी मातीत लोळत होती. मांजराच्या नावाने बोटं मोडत तिने खुंटी पुन्हा ठोकली होती, आधीपेक्षा घट्ट. त्या दिवशी बुधवार होता की शुक्रवार? आणि मांजराच्या वजनाने खुंटी उपटते?

रागावल्या असतील, तिने स्वतःला समजावलं. रागावून लेकाकडे गेल्या असतील. पण किल्ली कधी तिच्याकडे दिल्याशिवाय काकू गावाला गेल्या नव्हत्या. मग रुसून घरात बसल्या असतील. कुणीतरी आपल्यावर रुसलेलं असू दे म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदाच देवाला हात जोडले.

तिने सुतळी सोडायला घेतली. गाठ सुटेना. दातांनी सोडवली. बाळाला कडेवर घेतलं आणि ती फरशीवरून न जाता सरळ वाफ्यातून निघाली. पायाखाली वेल चिरडत होती. सगळी मिळून सात पावलं होती, आणि एवढ्या दिवसांत तिला ती चालता आली नव्हती.

दाराला कुलूप नव्हतं. आतून कडी होती.

"काकू!"

आत रेडिओच होता. कुणीतरी बातम्या सांगत होतं.

"काकू, मी आहे. उघडा ना."

तिच्या हातातल्या सुतळीची लाल चिंधी बाळाने मुठीत धरली होती, तीच तोंडात घातली. तिने काढून घेतली नाही. तिने दार जोरात वाजवलं, मग कान दाराला लावला. काकूंची काठी टेकल्यासारखं काही ऐकू आलं का? की बातम्यांतलंच काही होतं? तिथून हलायचा तिला धीर होईना. आपण वळायला आणि दार उघडायला एकच गाठ पडली तर?

ती अजून दाराशीच आहे. काकूंच्या खोलीला एकच खिडकी, तीही पलीकडच्या गल्लीत. तुम्ही त्या बाजूने जात असाल तर जरा आत डोकावता का? नुसतं बघून पुढे जाऊ नका, मोठ्याने हाक मारा, काकूंना कमी ऐकू येतं. आणि सुतळी सोडली आहे, एवढं त्यांना सांगा.