विसराळू ब्राउझर

“ताई, पहिला ब्राउझर वेगवान आहे, पण कुठे कुठे गेलीस ते सगळं लिहून ठेवतो. दुसरा जाहिराती अडवतो. तिसरा अगदीच गोगलगाय, पण बंद केला की सगळं विसरतो,” कॉम्प्युटर शिकवणारी धाकटी बहीण फोनवर म्हणाली.

“मला तिसराच आवडला.”

“अगं, एक पान उघडायला तासभर लावेल तो!”

“लावू दे गं.”

नवरा रोज घरी आला की चहाबरोबर पेपर वाचावा तशी लॅपटॉपमधली बायकोची हिस्टरी वाचतो, हे बहिणीला ती कुठल्या तोंडाने सांगणार?

दुपारी तिने आधी पहिल्या ब्राउझरवर विणकामाची चार पानं उघडली, खास त्याच्या वाचनासाठी. मग तिसऱ्यावर, जीव मुठीत धरून, एकट्या बाईला भाड्याने मिळेल अशी खोली शोधत बसली. पानं मुंगीच्या पावलांनी उघडत होती. दाराच्या कुलपात किल्ली फिरली, तशी तिने झटकन सगळं बंद केलं आणि सोफ्यावर डोळे मिटून पडली.

त्याने चहा मागितला नाही. आधी लॅपटॉपच उघडला.

“विणकाम वाटतं? शेवटचं पान एक वाजताचं आहे. आता साडेपाच झाले. मधे काय केलंस?”

“काही नाही हो. डोळा लागला होता.”

त्याने शांतपणे मान डोलावली. मग लॅपटॉप उचलून त्याचं बूड अलगद तिच्या गालाला टेकवलं.

“मग हा एवढा कशाने तापलाय?”