सोमवारच्या आधीचा धडा

बालगृहाच्या व्हरांड्यात खानोलकर गुरुजी पाच वर्षांच्या रेवतीला नात्यांचे इंग्रजी शब्द शिकवत होते. सोमवारी तिचे नवे आईबाबा तिला परदेशी न्यायला येणार होते. उत्तरं मात्र बारा वर्षांची सुभद्राच देत होती.

"मदर, फादर, ग्रँडमदर!"

"अगं आगाऊ, तिला बोलू दे की!"

"तिला येतंय, गुरुजी. वेणी घालताना मीच घोकून घेतलंय."

रक्ताचं नातं नव्हतं. पण रेवती रांगत होती तेव्हापासून तिला सुभद्राच भरवायची.

"सिस्टर म्हणजे बहीण," सुभद्रा हळूच म्हणाली. "तिच्या नव्या आईबाबांच्या कागदावर माझंही नाव घालाल? मला सगळं येतं म्हणून सांगा."

कागदांवर केव्हाच सह्या झाल्या होत्या. गुरुजींनी पुस्तकाचं पान उलटलं, आणि सुभद्रा घाईघाईनं पुढचे शब्द पाठ करू लागली.