नऊचा लाडू

डबी रिकामी होती. धम्मप्रियानं ती तिसऱ्यांदा हलवून पाहिली आणि पाळण्याखालच्या दुपट्यांच्या गाठोड्यात पुन्हा खोल खुपसली.

गोळीची वेळ नऊची. तिचा वायरमन नवरा आनंदराज काल ऐतवारी नवी डबी घेऊन येणार होता, पण वादळात चाकूरकडं विजेच्या तारा पडल्या आणि त्याची सुट्टी गेली. आज सकाळी त्याचा फोन आला. पिशवी एसटीच्या कंडक्टरजवळ दिलीय, साडेआठला अहमदपूरच्या स्टँडवर येईल. डबी झबल्यात गुंडाळलीय.

पण आणणार कोण? सव्वा महिना व्हायला चार दिवस उरले होते. तोवर बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, हा सरजाबाईंच्या घरचा कायदा होता.

"मी आणते," सरजाबाई म्हणाल्या आणि पायात चपला सरकवल्या.

"माय, पिशवी तिथं उघडू नको. कपडे मळतील."

"न्हाई उघडत."

माय गेली आणि धम्मप्रिया दाराकडं बघत बसली. ती पोटुशी असताना, पाचव्या महिन्यात आनंदराजच्या रक्तात एचआयव्ही निघाला होता. रिपोर्ट हातात पडला त्याच दिवशी त्यानं घरी येऊन तो तिच्यापुढं ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच तिला नांदेडच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं होतं. तिचं रक्त स्वच्छ होतं, नंतर दोनदा तपासलं तेव्हाही. ते तसंच राहावं म्हणून ही रोजची गोळी. त्याचा औषधोपचार सुरू झाला होता, पण रक्तातला विषाणू दबल्याचा रिपोर्ट यायचा होता. "तोवर चुकवायची नाही," बाईंनी बजावलं होतं. "पोटातल्या बाळाला आणि दुधाला गोळीचा त्रास नाही. अंगावर पाजताना तुलाच लागण झाली, तर मात्र ती दुधातून बाळाला जाऊ शकते." पुढच्या आठवड्यात तिला चाकूरला परत जायचं होतं. म्हणजे आता तर एकही दिवस चुकून चालणार नव्हतं.

आणि मायला कळूनही चालणार नव्हतं. गेल्या साली गल्लीतल्या लिंबाजीची लेक याच दुखण्यापायी नवऱ्याचं घर सोडून आली, तेव्हा माय दारात उभी राहून म्हणाली होती, "माझी लेक असती तर मीबी परत धाडली नसती." ते वाक्य धम्मप्रियाच्या कानातून जात नव्हतं.

बाळ झाल्यापासून महिनाभर तिनं मायला पत्ता लागू दिला नव्हता. ते सोपं झालं होतं ते मायच्या लाडवामुळं. नऊला माय डिंकाचा लाडू आणि दुधाचा पेला आणून ठेवायची आणि लगेच काहीतरी आणायला परसात जायची. कधी शेगडीला कोळसे, कधी वाळलेली दुपटी. तेवढ्यात गोळी घशाखाली जायची.

शेजारच्या केवळामावशी बाळाला बघायला आल्या, त्या ठाण मांडूनच बसल्या. त्यांनी बाळाच्या गालाला बोट लावलं आणि फळीवरच्या लाडवांच्या डब्यांकडं पाहिलं. "लाडू खाल्लास का ग?"

"न्हाई मावशी. माय नऊला देती."

"नऊला? उजाडलं की द्यायचा असतो बाळंतिणीला. तुझी माय ऊन पायरीवर आलं की सैपाकाला लागती. घड्याळ बघून काम कधीपासून करून राहिली?"

उत्तर द्यायच्या आत सरजाबाई आल्या. एक हात कमरेला, दुसऱ्यात पिशवी.

"बघू, जावयानं काय धाडलं," मावशी म्हणाल्या.

"राहू दे मावशी, मग बघू."

"मग काय मग? मी काय बाळाचं झबलं घालून बघणार हाय?"

सरजाबाईंनी पिशवी सरळ बाजेवर उलटी केली. धम्मप्रियानं डोळे मिटले. झबली पडली, टोपडं पडलं, पावडरचा डबा पडला. मावशींनी एकेक झबलं उलगडून, झटकून पाहिलं. डबी नव्हती.

डबी पडली नाही याचा आनंद क्षणभर टिकला. मग तिनं झबली पुन्हा एकदा चाचपली. गाडीत पडली? स्टँडवर? कुणाच्या हाती लागली? नऊला पाच मिनिटं कमी होती.

"केवळा, तुझं दूध उतू जात असंल," सरजाबाई म्हणाल्या.

"मी चूलच पेटवली न्हाई अजून."

"मग जा, पेटव."

मावशी पुटपुटत उठल्या. सरजाबाईंनी दार लोटलं. ताटलीत लाडू ठेवला, दुधाचा पेला ठेवला. मग कमरेची गाठ सोडून डबी काढली, झाकण उघडलं आणि एक गोळी लाडवाशेजारी ठेवली. आज त्या परसात गेल्या नाहीत.

धम्मप्रियानं गोळीकडं पाहिलं, मग मायकडं. "माय… कवापासून?"

"पाचवीच्या दिवशी. धुण्याच्या दुपट्यात डबी घावली. जावयाला फोन लावला. त्यानं काही न्हाई लपवलं. गोळी नऊला, उपाशीपोटी मळमळती, तेबी सांगितलं. लई रडला."

"मला का न्हाई बोललीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघून राहिले. घे आधी. नऊ झाले."

तिनं गोळी घेतली. दूध खारट लागलं.

"मला परत धाडशील ना, माय? लिंबाजीच्या पोरीला तू…"

"तिला तिच्या नवऱ्यानं दोन वर्षं फसवलं. ह्यानं त्याच दिवशी सांगितलं." सरजाबाई फळीवर चढवलेला दुसरा डबा काढायला उठल्या. तो त्या कुणालाच उघडू देत नसत. धम्मप्रियाला वाटायचं, मामासाठी असेल. त्यांनी तो झबल्यांच्या पिशवीत नीट बसवला.

"हे लाडू आनंदराजचे. त्यालाबी उपाशीपोटी गोळी घिऊ देऊ नको."