मानसिंगचा चर

"जमीन वाचली तर देश वाचेल," असं सुकन्या मॅडमनी सांगितलं आणि टीव्हीचं बटण दाबलं. टीव्ही लागला नाही. बारामतीहून टेम्पोत येताना तो उताणा आला होता. कुणीतरी उठून त्याच्या पाठीत दोन थापा घातल्या, तेव्हा देशाचं काम पुढं सरकलं.

सत्त्याण्णव साल. वस्तीवरच्या शाळेच्या खोलीला पोती लावून भरदुपारी अंधार केला होता. दगडाबाई अगदी पुढं बसली होती. ही जमिनीवरची व्हिडिओ टेप इथं दाखवा म्हणून तिनंच मॅडमच्या संस्थेच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. तिचं रान उताराला. खाली ओढा, वर दीर मानसिंगचा ऊस, त्याच्याही वर कॅनॉल. मानसिंग उसाला पाणी पाजत नसे, आंघोळ घालत असे. ते पाणी जमिनीच्या पोटातून दगडाबाईच्या रानात उतरे. रानाला मिठासारखं पांढरं फुटलं होतं. ज्वारी वीतभर वाढून शेंड्याकडून जळे. यंदा ते पांढरं अर्ध्या रानावर आलं होतं. उरलेलं अर्धं गेलं की तिला दुसरं रान नव्हतं.

मानसिंगच्या मते रानाला नजर लागली होती. भावजयीचं ऐकून पाणी कमी करणारा तो नव्हे. पण टीव्हीवरचं त्याला पटे. अंगाचा साबण त्यानं टीव्ही बघूनच बदलला होता.

टेपमध्ये कुठल्याशा तालुक्यातलं रान आलं. नजर पोचेल तिथवर पांढरंफटक. झाडं उभ्या उभ्या वाळलेली. एक म्हातारा त्यावरून चालत होता आणि त्याच्या पायाखाली करकर वाजत होतं.

"ह्यांच्यात कोण गेलं म्हनायचं?" शेजारी बसलेल्या लीलाबाईनं हळूच विचारलं.

"रान गेलं," दगडाबाई म्हणाली.

मग उपाय आला. पाणी बेतानं द्या. जमिनीतलं पाणी काढायला कमरेइतका खोल चर खणा आणि तो ओढ्याला सोडा. मानसिंग गुडघ्यांवर सरकत टीव्हीजवळ गेला होता.

पोती काढली तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. "वैनी, माझा ऊसबी असाच जायचा की."

"आधी माझं रान जाईल, भावजी. मग तुमचा ऊस."

"चर खणतो. पिक्चरमधी हाय तेवढा खोल. वीतभर कमी न्हाय."

दगडाबाईनं पदरानं डोळे टिपले. मॅडमनी मानसिंगच्या हाती कुदळ देऊन फोटो काढला. माणूस बदलतो, असं त्या टेम्पोत बसेपर्यंत सांगत होत्या.

माणूस खरंच बदलला. उसाच्या दोन सऱ्या मोडून मानसिंगनं गडी लावले. चर वर कॅनॉलकडून निघाला तो कमरेइतका खोल, दोरी लावल्यासारखा सरळ, दगडाबाईच्या बांधापर्यंत आला. तिथं मानसिंगनं कुदळ पुसून खांद्यावर टाकली.

"भावजी, फुडं? हितंच सोडला तर तुमचं समदं पानी माझ्या रानात येनार."

"फुडं तुमचं रान. वाटण्या झाल्यात, वैनी. दुसऱ्याच्या रानात कुदळ घालायची आपल्यात रीत न्हाय."

"मीच म्हनती की, घाला."

"आज तुमी म्हनताय. उद्या भावकी म्हनंल, एकट्या बाईचं रान दाबाया निघाला." त्यानं मान हलवली. "तसलं पाप आपल्याकडनं व्हनार न्हाय. फुडचं तुमचं तुमी खणा."

गडी त्याच्या मागं गेले. उसाला खत टाकायचं होतं.

सकाळी दगडाबाई एकटीच कुदळ घेऊन चराच्या तोंडाशी उभी राहिली. समोर ओढ्यापर्यंत तिचं सगळं रान होतं. तिनं पदर खोचला आणि पहिला घाव घातला.

दुपारी कॅनॉलला पाणी सुटलं.