वाघ्याचा फोटो

अजमानला मुलाकडे आलेल्या कुमुदताई नातीला घेऊन दुबईतल्या मराठी मंडळाचं प्रदर्शन पाहायला गेल्या. भिंतींवर गावोगावच्या वर्तमानपत्रांतले जुने फोटो होते. एका फोटोपाशी त्या थबकल्या. चिपळूण, १९५७: जत्रेत हरवलेली मुलगी आणि तिला शोधून काढणारा कुत्रा. “रेवा, ही मी! आणि हा आमचा वाघ्या.” “वॉव आजी, सो क्यूट!” रेवा काचेला नाक लावून वाघ्याकडे बघत राहिली. कुमुदताईंची नजर मात्र फोटोच्या कडेला खिळली. तिथून बांगड्यांनी भरलेला एक हात मुलीच्या खांद्यावर आला होता. पुढच्याच पावसाळ्यात आई तापाने गेली. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. चेहराही आता नीट आठवत नव्हता. “हूज हँड इज दॅट?” रेवाने विचारलं. “माझ्या आईचा. फोटोवाला तिला म्हणाला, ‘बाई, बाजूला व्हा.’ ती बाजूला झाली, पण मला सोडेना.”