पूजेचा हार

विनीतने सुदेशच्या हातावरचं बँडेज नीट न्याहाळलं, पण नुसता हात पाहून त्याचं समाधान होणार नव्हतं. विमा कंपनीसाठी अपघातांची चौकशी करणाऱ्या या माणसाला आपल्या नाकाचा फार अभिमान होता. खोटा दावा म्हणे त्याला वासावरून कळायचा. आजवर एकही दावा त्याला खरा वाटला नव्हता, आणि ऑफिसात त्याचं कौतुक होतं ते याचंच.

कोपर स्टेशनजवळच्या त्या खोलीत खुर्ची एकच. ती अर्थातच त्याने घेतली. समोर पलंगावर सुदेश, ओट्याशी त्याची बायको मेघाली. सुदेशची चार बोटं कारखान्यात पॉवर प्रेसखाली चिरडली होती. दोन काढावी लागली. उरलेली दोन वाचवायची तर आणखी एक ऑपरेशन हवं होतं, आणि ते विम्याच्या भरपाईवाचून अडलं होतं.

"तुझा शेठ लिहितो, सोमवारी लागलं. हॉस्पिटल लिहितं, खंडेनवमीला. हात एकच आहे ना?"

"खंडेनवमीलाच लागलं, साहेब."

"त्या दिवशी मशीनची पूजा असते. मशीन बंद असतं. मला शिकवतोस?"

"पूजा झालेली. शेठच्या आईने केली, हारपण त्यांनीच घातला. त्या घरी गेल्या आणि अर्जंट ऑर्डर आली. शेठ बोलले, गुपचूप थोडे पीस काढ."

"मग तारीख का फिरवली?"

"पूजेच्या दिवशी मशीन चालवलं कळलं असतं, तर आई शेठच्या घरचं पाणी प्यायल्या नसत्या."

धन्य तो शेठ! कामगाराची बोटं गेली तेव्हा घाबरला नाही, आईच्या रुसव्याला मात्र घाबरला आणि चक्क अपघातच पुढे ढकलून मोकळा झाला. सोमवारचा अपघात म्हटला की विमावाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. रविवारी पिऊन कुठेतरी पडला असेल आणि सोमवारी कारखान्याच्या नावावर खपवत असेल, असा त्यांचा पक्का समज. हे त्या शहाण्याच्या गावीही नव्हतं.

"बरं, हात आत कशाला घातलास?"

खरं सांगितलं की सुटतो, असं सुदेशला अजून वाटत होतं. "हार तसाच होता, साहेब. आमच्याकडे दसरा होईपर्यंत तो काढत नाहीत. मशीन हादरायला लागल्यावर हार खाली घसरला, प्रेसखालच्या डायमध्ये चालला. पूजेचा हार डोळ्यांदेखत चिरडणार... हात आपोआप गेला."

विनीतचा चेहरा खुलला. मनासारखी बैठक झाल्यावर वरबापाचा खुलतो तसा.

"म्हणजे हात कामासाठी घातला नाहीस. श्रद्धेपायी घातलास. श्रद्धेचा विमा नसतो रे."

मेघाली पुढे आली. "अहो साहेब, मशीन शेठचं, हार शेठच्या आईचा. ह्यांचं त्यात काय होतं?"

"मीही तेच विचारतोय, वहिनी. ह्याचं काय होतं त्यात?"

तिने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. "आणि हे खोटं बोलले असते तर?"

"तर मला जरा मेहनत पडली असती." विनीत उठला. "आमच्या ठाण्याच्या ऑफिसला बोलावतील. तिथे पुन्हा विचारतील, तेव्हा काय ते सांगा."

तिने केलेला चहा त्याने घेतला नाही. चौकशीला गेल्यावर तो कुणाच्या घरी पाणीसुद्धा घेत नसे. असल्या बाबतीत तो भारी प्रामाणिक होता.

मेघालीने दार लावलं. चहा मोरीत ओतला.

"ठाण्याला हाराचं नाव काढायचं नाही. पीस अडकलेला, तो काढायला हात घातला. एवढंच."

"अगं, पण हार होता."

"नव्हता."

सुदेशने मान खाली घातली. मग पुटपुटला, "हार नव्हता."

"खाली बघून नाही. साहेबाकडे बघून बोलायचं."

त्याने मान वर केली. "हार नव्हता, साहेब."

"पुन्हा."

"हार नव्हता, साहेब."

या वेळी त्याचा आवाज कापला नाही.